गंगेची कन्या की गोदेची लेक?

दत्तक मूल नेण्यासाठी परदेशातून आलेले दांपत्य मूल हाती आल्यावर काही दिवस येथेच मुक्काम करते. त्या दिवसांत ती माणसे मुलाला बागेत नेतात, समुद्र दाखवतात, आइस्क्रीम खाऊ घालतात. कुटुंब म्हणून त्यांची ही पहिली सहल. तान्ह्या बाळाला तिचे काही कळत नाही. परंतु सहा-सात वर्षांचे मूल त्या सहलीत एक घर मिळवीत असते आणि त्याच वेळी एक भाषा, एक गाव आणि ओळखीची माणसे गमावीत असते. या मिळवण्या-गमावण्याचा प्रामाणिक आलेख आशा मिरो यांच्या ‘डॉटर ऑफ द गँजेस’ या आत्मकथनात आम्हांस आढळला. आपल्या कुटुंबांनी ते वाचावे असे वाटल्यामुळे हा परिचय.

लेखिकेचा जन्म १९६७ मध्ये नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. नाशिक व पुढे मुंबई येथील धर्मभगिनींच्या छायेत ती वाढली. ऑक्टोबर १९७४ मध्ये, सातव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ती विमानाने बार्सिलोनास नव्या आईवडिलांकडे पोहोचली. तिच्या वाट्याला आलेली पहिली सहल ती हीच, परतीचे तिकीट नसलेली. मूळ पुस्तक कॅटलान भाषेत २००३ साली निघाले. त्याचा उत्तरार्ध पुढल्या वर्षी आला आणि २००६ मध्ये दोन्ही भाग इंग्रजीत एकत्र झाले.

ग्रंथाचे सर्वांत मोठे बळ आम्हांस दत्तक मातेच्या दैनंदिनीतील उताऱ्यांत दिसते. लेखिकेची स्मृती जिथे अडखळते, तिथे आईची नोंद तिचा हात धरून पुढे चालते. त्यामुळे दत्तकविधान हा एका दिवसाचा सोहळा नसून रोजच्या लहानसहान कसोट्यांचा प्रवास आहे, हे वाचकाला उपदेशावाचून उमगते.

१९९५ मध्ये लेखिका स्वयंसेविका म्हणून मुंबईस आली. जी मुलगी मराठीत रडली, हसली, तिला आता मराठी येत नव्हते. हा भाग वाचताना मराठी वाचक अस्वस्थ होतो. दोष कोणाला द्यावा? नव्या घरात तिच्याशी मराठी बोलणारे कोणी नव्हते. मायेने सर्व काही दिले तरी एखादी गोष्ट तिला देता येत नाही, हे या पुस्तकाने दाखवले आहे.

उत्तरार्ध आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. २००३ च्या दुसऱ्या भेटीत लेखिकेला समजते की आपल्याला सख्खी बहीण आहे, आणि आपल्या जन्माविषयी सांगितली गेलेली हकीकत काही अंशी चुकीची होती. तिने पहिले पुस्तक मागे घेतले नाही की आदळआपटही केली नाही. आधीचे समज आणि नंतरचे सत्य शेजारी शेजारी ठेवले. येथे आम्हा धर्मसेवकांना थांबून विचार करावा लागतो. अनाथ मुलाला पोटाशी धरणारे हात दयाळू असतात. पण दया पुरेशी नसते, नोंदही खरी असावी लागते. मूल मोठे होऊन एक दिवस ती वही मागणारच. मोशे फारोच्या कन्येचा पुत्र म्हणून वाढला, तरी मोठा झाल्यावर आपल्या भाऊबंदांना पाहावयास बाहेर पडला, हे आपण जाणतोच.

त्या काळी परदेशी दांपत्यास १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचाच आधार होता. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकाला नियम घालून दिले. २००३ मध्ये भारताने हेग करारास मान्यता दिली. कागद शिस्तीत आले, हे चांगले झाले. परंतु त्या पहिल्या सहलीत मूल गप्प का आहे, हे कोणताही कागद सांगत नाही. त्यासाठी अशी पुस्तके लागतात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पूर्वार्धातील मुंबई बरीचशी पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. उकाडा आणि गर्दी यांना माणसांपेक्षा अधिक जागा मिळाली आहे. शीर्षकही प्रथम आम्हांस खटकले. नाशिककडची मुलगी गंगेची कन्या कशी? युरोपातील वाचकाला एवढी एकच नदी ठाऊक असावी, असे आम्ही मनाशी म्हटले. मग आमच्याच बोलण्याची आठवण झाली. कोल्हारच्या पुलाखालून जाणारी प्रवरा पुढे प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते, आणि तिच्या काठचा मुलूख आपण गंगाथडी म्हणतो. गोदावरी आपल्या लोकांची गंगाच आहे. तेव्हा शीर्षकाविषयीची तक्रार आम्ही मागे घेतो. ही लेक आपल्याच पाण्याची आहे; ती भाषा विसरली, म्हणून आपण तिला विसरू नये.