चित्राशेजारचे पान

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ‘अन्वार-इ-सुहैली’ या फारसी नीतिकथासंग्रहाची अकबरकालीन सचित्र पाने आहेत. अशा ग्रंथांतील पशुपक्ष्यांची चित्रे पाहून प्रेक्षक हरखतो. केवळ मजकुराचे पान समोर आले की पुढे सरकतो. लिपी परकी, अर्थ अगम्य. त्यात पाहावयाचे काय? आम्हांस वाटते, रसिकतेची खरी कसोटी याच पानापाशी आहे.

तसे ते पान अगदीच परके नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ बंदराचा एकेकाळी इराणी आखाताशी व्यापार चाले. कागद, शाई, कलम, दौत हे आपले शब्द फारसीच्या वाटेनेच मराठीत उतरले. आणि कथा तर मूळच्या येथल्याच! सहाव्या शतकात बुर्झोय नावाच्या वैद्याने ‘पंचतंत्रा’तील कथा पहलवीत नेल्या. पुढे त्या सिरियाक व अरबी भाषांत गेल्या. तेराव्या शतकात कापुआच्या योहानाने हिब्रूवरून त्या लॅटिनमध्ये आणल्या. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातच्या हुसैन वाइझ काशिफीने त्यांना नवा फारसी साज चढविला, तोच हा ग्रंथ.

अशा पानाची सजावट पाहावी. घोटून गुळगुळीत केलेला कागद, सोनेरी व रंगीत रेषांची चौकट, उजवीकडून डावीकडे झुलत जाणारी नस्तालिक अक्षरे, सभोवार मोकळा समास. चौकट अक्षरांना आवळीत नाही, त्यांना मान देते. आराधनेच्या वेळी पवित्र साक्रामेंताभोवती सोनेरी किरणांचे पात्र असते. तरी दृष्टी स्थिरावते ती मधल्या ख्रिस्तशरीरावरच. अलंकाराचे काम एवढेच.

काशिफीच्या गद्यास मात्र हा संयम साधला नाही. ‘वाइझ’ म्हणजे प्रवचनकार; आणि प्रवचनकारास शब्दांचा मोह फार! त्याची शैली इतकी अलंकारजड झाली की अकबराने अबुल फजलकडून १५८८ साली ‘इयार-इ-दानिश’ ही सुबोध आवृत्ती करवून घेतली. लेखनिकाने शब्दाला जागा दिली, लेखकाने ती व्यापली. व्यासपीठावर उभे राहणाऱ्या आम्हां धर्मगुरूंनी हा दोष काशिफीचाच समजून स्वस्थ बसू नये.

या पानांची आणखी एक व्यथा आहे. अशा हस्तलिखितांत पुष्कळदा पानाच्या तळाशी पुढील पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो, क्रम चुकू नये म्हणून. चित्रांच्या लोभाने कित्येक ग्रंथांची पाने सुटी करून विकली गेली. कथेच्या पोटात कथा असलेल्या ग्रंथाचे एकच पान हाती उरले की बोध दुसरीकडेच राहतो. तळाचा तो शब्द पुढच्या पानाची वाट पाहत राहतो.

१५८० साली गोव्याहून गेलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी अकबरास अनेक भाषांतील पवित्र शास्त्राचे खंड भेट दिले. त्याने ते चुंबून मस्तकी धरले, असे त्यांच्यापैकी मोन्सेरात यांनी नमूद केले आहे. अकबर स्वतः वाचीत नसे. ग्रंथ इतरांकडून वाचवून ऐके. आपल्या घरी सोनेरी कडांचे बायबल काचेच्या कपाटात असते, आणि आपल्याला वाचता येते. ते शेवटचे कधी उघडले, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे.