गव्हाळ, काळा आणि दहाचा आकडा

वसमतच्या शिवारात हळद काढून झाली की वाळलेला पाला बांधावर ढीग घालून ठेवतात. अशाच एका ढिगापाशी, कोवळ्या उन्हात फणा काढून बसलेला नाग मी सात-आठ हातांवरून पाहिला. सर्पमित्र यायला अवकाश होता, म्हणून डोळे भरून पाहता आला. पाठ पिकलेल्या गव्हाच्या ओंबीसारखी, पण सपाट एकरंगी नव्हे. फणा ताणला की खवले एकमेकांपासून सुटतात आणि मधली कातडी उघडी पडते. तिथे पांढरट-काळसर कणांची नाजूक नक्षी होती. फण्यामागे आपण ज्याला दहाचा आकडा म्हणतो ती खूण: दोन काळी वलये, त्यांना फिकट काठ, खालून दोघांना जोडणारी कमान. तो वळला तेव्हा पुढची बाजू दिसली. फिकट गळा, दोन्ही कडांना एकेक काळा ठिपका आणि त्याखाली रुंद काळा आडवा पट्टा.

पुढे पावसाळ्यात त्याच गावात निघालेला नाग जवळजवळ काळा होता. दहाचा आकडा त्या काळेपणात बुडालेला, तिरप्या उजेडात तेवढा उमटायचा. गावाने लगेच निवाडा केला: ही जात वेगळी, आणि गव्हाळापेक्षा जहरी. पण गळ्याकडे पाहिले तर कडेचे ठिपके तेच, पट्टा तोच, थोडा रुंद झालेला. काळ्या मातीत राहून काळा झाला म्हणावे, तर गव्हाळही त्याच मातीतला. रंगावरून विषाचा अंदाज बांधता येत नाही. दंश गव्हाळाचा असो की काळ्याचा, दवाखान्यात प्रतिविष एकच दिले जाते.

मग रंगाला काही अर्थच नाही का? आहे, पण तो एका नागात सापडत नाही, मुलूख पालथा घातला की उलगडतो. सिंध आणि वायव्येकडच्या कोरड्या पट्ट्यात नाग पुष्कळदा काळेभोर, फण्यावरची खूण पुसट किंवा नाहीशीच. श्रीलंकेत तीच खूण ठसठशीत. ईशान्य भारतात दोनाऐवजी एकच वलय दिसते, पण तो रंगभेद नव्हे. अभ्यासकांनी ती जातच वेगळी मानली आहे. इथे रंग वाचणाऱ्याची खरी परीक्षा होते: कुठला फरक मुलखाचा आणि कुठला जातीचा?

हीच परीक्षा अमेरिकेत किंगस्नेक नावाचे साप पाळणारे हौशी लोक रोज देत असतात. कॅलिफोर्नियाचा किंगस्नेक वाळवंटाकडे काळा-पांढरा, किनाऱ्याकडे तपकिरी-पिवळसर. सॅन दिएगो भागात तर काहींच्या अंगावर आडवे पट्टे आणि काहींच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एकच उभी रेघ. या दोघांना पूर्वी वेगळ्या जाती मानत. लॉरेन्स क्लाउबर हे पेशाने वीज अभियंता. १९३० च्या दशकात त्यांनी दाखवून दिले की एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही नमुन्यांची पिल्ले निघतात. सख्खी भावंडे, पण अंगरखे वेगळे. हे कळल्यापासून वसमतचे माझे दोन नाग मला एकमेकांना परके वाटत नाहीत.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग घरात ठेवणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. आपले वाचन लांबूनच व्हायचे. त्यात आणखी एक अडचण: रंग स्वतःही स्थिर नाही. कात टाकायच्या आधी नागाचे अंग मळकट होते, डोळे दुधाळ निळसर होतात. कात पडली की तोच नाग लखलखतो. दोन आठवड्यांच्या अंतराने पाहणारा त्याला दोन नावे देऊन बसेल.

म्हणून मला खरा आनंद कातीत सापडतो. बांधावरच्या दगडाला घासून सोडलेली ती पातळ, पारदर्शक खोळ उचलून उन्हात धरावी. गव्हाळ गेलेला असतो, काळा गेलेला असतो. उरलीच तर नक्षीची फिकट सावली. पण खवला न् खवला जागेवर असतो. डोके फाटले नसेल तर वरच्या ओठाचे खवले पुढून मोजत जावे. तिसरा सगळ्यांत मोठा, एका अंगाने नाकपुडीच्या खवल्याला भिडलेला, दुसऱ्या अंगाने डोळ्याला. ही नागाची सही. ती गव्हाळाच्या कातीवर असते आणि काळ्याच्याही.

वसमतचा जिल्हा हा औंढ्याच्या नागनाथाचा जिल्हा. इथे पारावरच्या नागशिळेपुढे हात जोडताना तो नाग गव्हाळ की काळा, असे कुणी विचारत नाही. दगडात रंग नसतो. फण्याची ठेवण पाहूनच आपण त्याला ओळखतो. शिवारात उभ्या राहिलेल्या जिवंत नागालाही तशाच नजरेने पाहावे. रंग मनसोक्त पाहावा, त्याने हरखून जावे, पण नाव ठेवण्याआधी गळा पाहावा आणि कात मिळाली तर ओठ वाचावा.