‘गौण’ ठरलेला पाषाण : खनन-अभियांत्रिकी व खनिज-प्रक्रिया संशोधनाची कपिलधारच्या संदर्भात समीक्षा

बीजसंज्ञा : गौण खनिज, बेसॉल्ट, खडी, खनिज-प्रक्रिया, बालाघाट

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील कपिलधार हे बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले तीर्थक्षेत्र होय. वीरशैव संत मन्मथस्वामी यांचे समाधिस्थान, कार्तिक पौर्णिमेची यात्रा आणि पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा यांमुळे ते सर्वपरिचित आहे. खनन-अभियांत्रिकीच्या चर्चेत मात्र या गावाचे नाव येण्याचे काही कारण नाही, असेच कोणासही वाटेल. येथे लोहखनिज नाही, मँगनीज नाही, कोळसाही नाही. आहे तो केवळ काळा पाषाण. परंतु या ‘केवळ’ शब्दातच प्रस्तुत विषयाचे मर्म दडलेले आहे. महाराष्ट्रातील खनिज-संशोधनाने कोणता दगड अभ्यासण्याजोगा मानला आणि कोणता मानला नाही, या निवडीमागील दृष्टी कोणती आणि तिचे परिणाम काय, यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संशोधनाची परंपरा

महाराष्ट्रातील खनिज-संशोधनाचे केंद्र प्रारंभापासून विदर्भात राहिले. एल. एल. फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी लिहिलेला बृहद्ग्रंथ या परंपरेतील मानदंड समजला जातो. मँगनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ असलेल्या एका खडकाला फर्मर यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. ही घटना अर्थपूर्ण आहे. समाजाचे नाव खडकाला मिळाले आणि जगभरच्या भूशास्त्रात रूढ झाले. त्या समाजाचा त्या भूमीशी असलेला व्यवहार मात्र अभ्यासविषय झाला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात १९४८ मध्ये भारतीय खाण ब्यूरोची स्थापना झाली. आज तिचे मुख्यालय नागपूरला आहे. १९६२ मध्ये मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी अस्तित्वात आली. ॲल्युमिनियम-संशोधनासाठीची जवाहरलाल नेहरू संशोधन संस्था तसेच विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील खनन-अभियांत्रिकी विभाग यांमुळे नागपूर हे या विद्येचे माहेरघर बनले. हलक्या प्रतीच्या खनिजाचे समृद्धीकरण, कोळसा धुण्याच्या पद्धती, छतांचे स्थैर्य, सुरुंगांची आखणी अशा विषयांवर झालेले काम निःसंशय मोलाचे आहे. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

‘निरुपयोगी’ कोणी ठरविले?

या संशोधनाने शिकविलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘खनिज’ आणि ‘टाकाऊ’ यांमधील सीमारेषा निसर्गाने आखलेली नसते. ती तंत्र आणि बाजारभाव यांवर ठरते. भारतीय खाण ब्यूरोने २००९ मध्ये हेमॅटाइट लोहखनिजाचे किमान मूल्य ५५ टक्के लोहांशावरून ४५ टक्क्यांवर आणले. जे कालपर्यंत ढिगाऱ्यात जात होते, ते त्यामुळे खनिज म्हणून गणले जाऊ लागले. गोव्यातील हलक्या प्रतीच्या खनिजाचा आणि गाळाच्या साठ्यांचा विचार याच दृष्टीने करावा लागतो. मात्र प्रक्रिया-तंत्राने उपयुक्ततेची व्याप्ती वाढविली, तरी शेती, पाणी व गावे यांचा हिशेब तिने आपोआप केला नाही. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आणि त्यानंतर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकामास दिलेली स्थगिती यांवरून हे स्पष्ट होते.

हाच निकष बेसॉल्टला लावल्यास काय दिसते? ‘गौण खनिज’ ही संज्ञा मूळची कायद्याची आहे. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमात बांधकामाचा दगड, रेती, सामान्य माती यांना या वर्गात घालण्यात आले आणि त्यांसंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्यांना देण्यात आला. हे वर्गीकरण प्रशासनाच्या सोयीचे होते. परंतु मराठीत ‘गौण’ या शब्दाला दुय्यमत्वाचा अर्थ चिकटलेला आहे आणि प्रशासनातील वर्ग हळूहळू ज्ञानातील वर्ग बनला. जे महसुलात गौण, ते संशोधनातही गौण, हा तर्क कोणी उघडपणे मांडला नाही. तरी व्यवहार मात्र त्याच्या आधारे चालला.

दोन विद्याशाखांमधील पोकळी

यावर असा आक्षेप घेता येईल की, बेसॉल्टमधून धातू काढावयाचा नसतो. तेव्हा तेथे खनिज-प्रक्रियेचा प्रश्नच उद्भवत नाही. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. बेसॉल्टला प्लवन किंवा चुंबकीय विलगीकरण लागत नाही, हे खरेच आहे. परंतु खनिज-प्रक्रियेचा पाया फोडणे, दळणे आणि चाळणे हाच आहे. रिटिंजर, किक आणि १९५२ मध्ये आपला सिद्धांत मांडणारे बाँड यांनी या विद्येला दिलेले नियम हे मूलतः दगड फोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेचे नियम होत. खडीकेंद्रात जबड्याच्या यंत्रापासून चाळणीपर्यंत जे घडते, ते नेमके हेच आहे.

अडचण वेगळीच आहे. खनन-अभियांत्रिकी खाणीच्या फाटकाशी थांबते, तर स्थापत्य-अभियांत्रिकी खडीच्या ढिगापासून सुरू होते. प्रयोगशाळेत येणाऱ्या खडीची ताकद, आकार, पाणी शोषण्याचे प्रमाण यांची कसून तपासणी होते. पण ती खडी कोणत्या थरातून आली, ती फोडताना किती धूळ उडाली, त्या थरातून वाहणाऱ्या पाण्याचे काय झाले, हे प्रश्न दोन्ही विभागांच्या कक्षेबाहेर राहतात. २०१६ मध्ये सुधारलेल्या आय. एस. ३८३ या मानकाने कृत्रिम वाळूस मान्यता दिल्यानंतर ही उणीव अधिक जाणवते. नदीतील वाळूवरील भार हलका व्हावा, हा हेतू स्तुत्यच आहे. परंतु तो भार डोंगरावर सरकतो, याची नोंद मानकात होत नाही.

कपिलधारचा दाखला

कपिलधारसारखे स्थळ ही पोकळी डोळ्यांपुढे आणते. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांतून थरांवर थर साचून बनला. संहत, कठीण थराखाली सच्छिद्र किंवा झिजलेला मऊ थर असला, की पाण्याने मऊ थर झिजतो, वरचा कठीण थर पुढे राहतो आणि कडा तयार होतो. पाणी भेगांतून व सच्छिद्र थरांतून मुरते आणि खालचा अभेद्य थर लागताच झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. विहीर खणणाऱ्यांना ही रचना शाळेत न जाताही ठाऊक असते. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण ही त्यांची वर्गवारी पाण्याच्या अनुभवातून घडलेली आहे. खडीसाठी मागणी असते ती संहत पाषाणाला. म्हणजेच उत्खननाचा आणि झऱ्याचा संबंध एकाच थररचनेशी येतो. म्हणून डोंगराळ तीर्थक्षेत्राच्या परिसरात खाणपट्टा द्यावा की नाही, हा प्रश्न अंतराच्या नियमाने पुरता सुटत नाही; त्यासाठी थरांचे ज्ञान लागते.

सुरुंगांच्या हादऱ्यांबाबत अशा ज्ञानाचा एक चांगला नमुना उपलब्ध आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाने हादऱ्याच्या मर्यादा कंपनसंख्येनुसार ठरवून दिल्या. ८ हर्ट्झपेक्षा कमी कंपनसंख्येस सामान्य घरांसाठी सेकंदाला ५ मिलिमीटर, तर ऐतिहासिक व नाजूक वास्तूंसाठी २ मिलिमीटर. वास्तूचे सांस्कृतिक मोल अभियांत्रिकीच्या आकड्यात उतरू शकते, हे यातून सिद्ध होते. झऱ्यासाठी असा आकडा का नसावा?

श्रमिकाचे स्थान

संशोधनाच्या या दृष्टीत सर्वांत अदृश्य राहिला तो दगड फोडणारा. १९५२ च्या खाण अधिनियमात बांधकामाचा दगड, मुरूम, खडी यांच्या उथळ उघड्या खाणींना, खोली ६ मीटरपेक्षा व कामगार ५० पेक्षा अधिक नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील तर, बहुतांश तरतुदींतून सूट होती. जेथे कायद्याची नोंद नाही, तेथे आकडेवारी नाही आणि जेथे आकडेवारी नाही, तेथे शोधप्रकल्पही उभा राहत नाही. बेसॉल्टमध्ये मुक्त क्वार्ट्झचे प्रमाण ग्रॅनाइट वा वालुकाश्माच्या मानाने अत्यल्प असते. त्यामुळे सिलिकोसिसचा धोका तेथे तुलनेने कमी, असे भूशास्त्राच्या आधारे म्हणता येते. परंतु कमी धोका म्हणजे धोक्याचा अभाव नव्हे. बारीक धूळ फुप्फुसास अपायकारकच असते. घण, सुतकी, छिन्नी यांनी दगडाची नस ओळखणाऱ्या वडार व पाथरवट समाजांचे ज्ञानही याच अनास्थेमुळे शब्दकोशाच्या बाहेर राहिले. दगड कोणत्या अंगाने फुटेल हे सांगणारे हे ज्ञान खडकयांत्रिकीचेच लोकरूप होय.

निष्कर्ष

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मधील दीपककुमार विरुद्ध हरयाणा राज्य या निकालात ५ हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. लहान खाणींचा एकत्रित परिणाम लहान नसतो, हे न्यायालयाने ओळखले. विद्यापीठीय संशोधनाने ते अद्याप पुरेसे ओळखलेले नाही. महाराष्ट्रातील खनिज-संशोधन तंत्रदृष्ट्या समर्थ आहे. परंतु ते खनिजाच्या किमतीमागे गेले, दगडाच्या व्याप्तीमागे गेले नाही. राज्याचा फार मोठा भूभाग ज्या खडकाने व्यापला आहे, तोच अभ्यासाच्या परिघावर राहिला.

ही उणीव भरून काढण्यास प्रत्येक वेळी मोठी प्रयोगशाळाच लागेल असे नाही. मराठवाड्यातील महाविद्यालयांचे भूगोल विभाग झऱ्यांच्या व विहिरींच्या पातळीची ऋतुवार नोंद ठेवू शकतात. विज्ञान विभाग खडीकेंद्राजवळील धुळीचे मापन करू शकतात. मराठी विभाग दगडकामाची शब्दसंपदा संकलित करू शकतात. अशा नोंदी दहा वर्षे सातत्याने झाल्या, तर खाणपट्ट्याचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे आणि हरकत घेणाऱ्या ग्रामसभेपुढे एकच पुरावा असेल. कपिलधारची धार ज्या पाषाणावरून कोसळते, त्या पाषाणाला गौण म्हणण्याचा अधिकार महसूल विभागाला असेल. संशोधनाला तो नाही.