रात्रीची गादी आणि तिचे वारस

अमेरिकेत रात्री साडेअकराच्या सुमारास दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक मेज, एक खुर्ची आणि पाहुण्यांसाठी मांडलेला एक कोच दिसतो. सत्तर वर्षांत ह्या मांडणीत फारसा फरक पडलेला नाही. फरक पडतो तो खुर्चीवर बसणाऱ्या माणसात. आणि तो जेव्हा पडतो तेव्हा त्या देशात असा गलबला उठतो की एखाद्या संस्थानाच्या गादीचाच प्रश्न निघाला आहे असे वाटावे. वर्तमानपत्रे संभाव्य वारसांची नावे छापतात, प्रेक्षकांत तट पडतात, आणि जुन्या-नव्याची तुलना वर्षानुवर्षे चालू राहते. ह्या गलबल्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे, आणि तो वकिलाइतकाच रसिकालाही पडावा असा आहे. ही खुर्ची कोणाची? बसणाऱ्याची, बसवणाऱ्याची, की समोर बसून रोज हसणाऱ्यांची?

आधी ह्या कलाप्रकाराचे स्वरूप पाहू. कीर्तनात जसा पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, तसेच ह्या कार्यक्रमाचेही दोन भाग पडतात. पूर्वरंगात सूत्रसंचालक उभा राहून दिवसभरातील घडामोडींचा विनोदी समाचार घेतो. उत्तररंगात पाहुणे येतात, गप्पा होतात, गाणे होते. पाहुणे सर्वत्र सारखेच असतात. आज ह्या वाहिनीवर दिसलेली नटी उद्या त्या वाहिनीवर दिसते. म्हणून कार्यक्रमाचा खरा प्राण पूर्वरंगात असतो. राज्यकर्त्यांविषयी दिवसभर मनात साचलेले जे झोपण्यापूर्वी कोणीतरी बोलून दाखवावे असे लोकांना वाटते, ते हा माणूस त्यांच्या वतीने बोलतो. हे मुखत्यारपत्र लेखी नसते, पण असते. नवा माणूस आला की ते त्याला नव्याने मिळवावे लागते, आणि ते देणे वाहिनीच्या हाती नसते.

वाहिनीच्या हाती असतो तो करारनामा. ‘द टुनाइट शो’ हा ह्या प्रकारातील आद्य कार्यक्रम एनबीसी वाहिनीवर २७ सप्टेंबर १९५४ रोजी स्टीव्ह अ‍ॅलन ह्याने सुरू केला. १९५७ मध्ये तो जॅक पार ह्याच्याकडे आला. फेब्रुवारी १९६० मध्ये पारचा शौचकूपाविषयीचा एक निरुपद्रवी विनोद वाहिनीने त्याला न विचारता कापून टाकला. दुसऱ्या दिवशी तो प्रेक्षकांसमोर आपली कैफियत मांडून चालू कार्यक्रमातून निघून गेला आणि मार्चमध्ये परतला. खुर्चीवर बसणारा आणि खुर्चीचा मालक हे दोन निराळे आहेत, हे प्रेक्षकांना तेव्हा उघडपणे दिसले. मार्च १९६२ मध्ये पारने कायमचा निरोप घेतला. जॉनी कार्सनची निवड झाली होती, परंतु तो दुसऱ्या वाहिनीशी करारबद्ध होता. त्या कराराची मुदत संपेपर्यंत अमेरिकेतील ही सर्वांत प्रसिद्ध खुर्ची सहा महिने पाहुण्या सूत्रसंचालकांनी सांभाळली. १ ऑक्टोबर १९६२ रोजी कार्सन तीवर बसला तो २२ मे १९९२ पर्यंत.

ह्या तीस वर्षांत खुर्चीची गादी झाली. कार्सनचा विनोद मोजका होता. एखादी कोटी फसली तर तिच्या फसण्यावरच तो दुसरी कोटी करी आणि हशा वसूल करी. कोणत्याही पक्षाला आपला न वाटणारा, पण कोणालाही परका न वाटणारा असा त्याचा स्वर होता. मात्र ही सौम्यता पडद्यावरची. व्यवहारात तो कायदा जाणून होता. व्यक्तिगत सेवेचा करार सात वर्षांहून अधिक काळ बांधून ठेवू शकत नाही, असे कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एक कलम आहे. त्याचा आधार घेऊन त्याने वाहिनीशी वाद मांडला, आणि १९८० मध्ये नवा करार करून कार्यक्रमाची मालकी तर मिळवलीच, शिवाय आपल्यामागून येणाऱ्या कार्यक्रमाच्या वेळेवरही आपला हक्क बसवला. भाडेकरू घरमालक झाला तो असा. त्या मागच्या वेळेत १ फेब्रुवारी १९८२ पासून डेव्हिड लेटरमन दिसू लागला.

ह्याच गादीने एका स्त्रीला कसे वागवले हेही नोंदवले पाहिजे. जोन रिव्हर्स १९८३ पासून कार्सनची कायम बदली सूत्रसंचालिका होती. संभाव्य वारसांच्या यादीत आपले नाव नाही असे तिला कळले, असे ती पुढे सांगत असे. १९८६ मध्ये तिने फॉक्स वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम सुरू केला, आणि त्यानंतर कार्सन तिच्याशी कधीही बोलला नाही. ‘द टुनाइट शो’च्या रंगमंचावर ती पुन्हा दिसली ती २०१४ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, जिमी फॅलनच्या पहिल्या रात्री. बदलीवर चालते पण वारस म्हणून चालत नाही, हा न्याय आपल्याकडील अनेक घरांना अपरिचित नाही.

१९९२ मध्ये कार्सनची जागा जे लेनो ह्याला मिळाली. लेटरमनने दहा वर्षे मागच्या दाराशी उभे राहून जी सेवा केली होती ती पाहता हक्क त्याचा होता असे पुष्कळांना वाटले, आणि कलेच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते. लेनोजवळ कष्टाळूपणा आणि नेमकी कोटी होती. लेटरमनजवळ स्वतःची दृष्टी होती. त्याने ह्या प्रकाराकडे, त्यातील खोट्या सौजन्याकडे आणि स्वतःच्या मालकांकडेही तिरकस नजरेने पाहावयास शिकवले. तो सीबीएसकडे गेला तेव्हा एनबीसीने बजावले की त्याच्या कार्यक्रमातील दहा मुद्द्यांची प्रसिद्ध विनोदी यादी इत्यादी प्रकार ही आपली बौद्धिक मिळकत आहे. ३० ऑगस्ट १९९३ रोजी नव्या वाहिनीवरील त्याच्या पहिल्याच रात्री एनबीसीचा ख्यातनाम वृत्तनिवेदक टॉम ब्रोकॉ रंगमंचावर आला आणि दोन विनोद आपल्या वाहिनीच्या मालकीचे आहेत असे सांगून त्यांचे पुठ्ठेच उचलून घेऊन गेला. दाव्याला ह्याहून चांगले उत्तर न्यायालयात देता आले नसते. यादी मिळकत असेल, पण ती वाचणाऱ्याचा आवाज मिळकत होऊ शकत नाही.

खऱ्या वारसाचा निवाडा दुसरीकडे झाला. मे १९९४ मध्ये निवृत्त कार्सन लेटरमनच्या कार्यक्रमात अचानक आला, त्याच्या मेजामागे क्षणभर बसला, आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. लेनोच्या कार्यक्रमात तो कधी गेला नाही. पुढे तो लेटरमनला घरून विनोद लिहून पाठवीत असे. २००५ मध्ये तो वारल्यावर लेटरमनने आपले एका रात्रीचे सारे निवेदन त्याच विनोदांचे केले. गादी कायद्याने एकाकडे गेली आणि परंपरेने दुसऱ्याकडे.

ह्या भेदाचा सर्वांत कटू प्रसंग २०१० सालचा. लेनोनंतर २००९ मध्ये कोनन ओब्रायन येईल असे वाहिनीने पाच वर्षे आधीच जाहीर केले होते. त्याप्रमाणे १ जून २००९ रोजी तो आला. परंतु लेनोलाही न गमावण्याच्या हव्यासाने वाहिनीने त्याला रात्री दहाची वेळ दिली. तो कार्यक्रम पडला, त्यामागून येणाऱ्या स्थानिक बातम्यांचा प्रेक्षक घटला, आणि जानेवारीत वाहिनीने ठरवले की लेनोला पुन्हा ११ वाजून ३५ मिनिटांची वेळ द्यावी व ‘द टुनाइट शो’ मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी सुरू करावा. येथे उघड झाले की ओब्रायनच्या करारात कार्यक्रमाचे नाव होते, पण वेळेची हमी नव्हती. वकिलाच्या दृष्टीने ही उणीव मोठी. पण ओब्रायनने उत्तर कायद्याचे दिले नाही, कलेचे दिले. जो कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सुरू होतो तो आजच्या रात्रीचा कार्यक्रमच नव्हे, अशा आशयाचे पत्रक काढून त्याने नकार दिला. वेळ हा ह्या कलाप्रकाराचा बाह्य तपशील नसून त्याचा घटक आहे, हे त्याने ओळखले होते. आठ महिनेही न होता २२ जानेवारी २०१० रोजी त्याचा शेवटचा प्रयोग झाला. तडजोड सुमारे साडेचार कोटी डॉलरांची होती, आणि काही महिने दूरचित्रवाणीवर न येण्याची अट तीत होती. ह्या अटीचेच नाव देऊन त्याने देशभर रंगमंचीय दौरा काढला. लेनो १ मार्चला परत आला, आणि २०१४ मध्ये फॅलनला जागा देईपर्यंत राहिला. प्रेक्षकसंख्येचा दावा तो जिंकला. आदराचा मात्र हरला.

मग चांगले हस्तांतर कोणते? बडोद्याच्या वाचकांना हे समजावून सांगावयास नको. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या एका शेतकरी कुटुंबातील मुलगा दत्तक घेतला, आणि सयाजीराव म्हणून त्याने त्या गादीला जे दिले ते तिला आधी ठाऊक नव्हते. वारसाने जुने तसेच चालवावे ही अपेक्षा गादीला मारते. लेटरमननंतर सप्टेंबर २०१५ मध्ये आलेला स्टीव्हन कोल्बेअर आरंभी चाचपडत होता. आधीच्या कार्यक्रमात नऊ वर्षे त्याने एका अहंमन्य उजव्या भाष्यकाराचे सोंग घेतले होते. ते उतरवल्यावर स्वतःचा आवाज सापडण्यास त्याला वेळ लागला. तो सापडला राजकीय उपहासात, आणि लेटरमनच्या मेजावर लेटरमनची नक्कल न करता तो उभा राहिला. फॅलनने खेळ आणि गाणी वाढवून उत्तररंग फुलवला, परंतु पूर्वरंग पातळ केला. तोही एक वारसा आहे. मात्र त्यात मुखत्यारपत्राचा भाग थोडा.

आतापर्यंतच्या प्रत्येक वादात एक गोष्ट गृहीत होती: माणूस बदलेल, खुर्ची राहील. १७ जुलै २०२५ रोजी सीबीएसने हे गृहीतच मोडले. कोल्बेअरचा कार्यक्रम मे २०२६ मध्ये संपेल आणि त्याच्या जागी कोणीही येणार नाही, असे तिने जाहीर केले. कारण निव्वळ आर्थिक आहे असे ती म्हणाली, आणि त्या बाजूचा पुरावा दुबळा नाही. अशा कार्यक्रमांचे जाहिरातींचे उत्पन्न २०१८ मधील सुमारे ४४ कोटी डॉलरांवरून २०२४ मध्ये निम्म्यावर आले होते. कोल्बेअरच्या कार्यक्रमात वर्षाला सुमारे चार कोटींचा तोटा असल्याच्या बातम्या होत्या. पूर्वरंगाचे तुकडे लोक सकाळी हातातल्या फोनवर पाहतात. त्यासाठी साडेअकरापर्यंत जागावे कोणी?

परंतु दुसऱ्या बाजूचीही साक्ष आहे. तो आपल्या वेळेत सर्वांत अधिक पाहिला जाणारा कार्यक्रम होता. वाहिनीच्या मालक कंपनीने अध्यक्ष ट्रम्प ह्यांचा दावा नुकताच १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला होता, आणि घोषणेच्या तीनच दिवस आधी कोल्बेअरने त्या रकमेला लाच म्हटले होते. त्या कंपनीच्या विलीनीकरणाला सरकारी आयोगाची मंजुरी हवी होती. ती २४ जुलै रोजी मिळाली. सप्टेंबरमध्ये जिमी किमेलचा कार्यक्रम एबीसीने काही दिवस थांबवला, तोही त्याच आयोगाच्या प्रमुखाने जाहीर तंबी दिल्यानंतर. लोकक्षोभानंतर तो पुन्हा सुरू झाला. नुसता योगायोग हा पुरावा नव्हे, हे मी माझ्या व्यवसायात नित्य सांगतो. परंतु ज्याच्या हिताचे तेच नेमके घडते, त्याच्यावर खुलाशाचा भार थोडा अधिक पडतो, हेही तितकेच खरे. तोट्याचा कार्यक्रम आटोपशीर करता येतो, वेळ कमी करता येते, स्वस्त वारस नेमता येतो. एकदम गादीच खालसा करण्याचे कारण केवळ हिशेबाच्या वहीत सापडेल असे मला वाटत नाही.

कायद्याने खुर्ची वाहिनीची आहे, ह्यात वाद नाही. मालकाने आपली खोली बंद केली तर त्याविरुद्ध मनाई हुकूम मिळत नाही. परंतु दीर्घकाळच्या वहिवाटीने वाटेवर लोकांचा हक्क उत्पन्न होतो, हे तत्त्वही आपल्या कायद्याला मान्य आहे. सत्तर वर्षे एका देशातील सामान्य माणूस रोज रात्री ह्या वाटेने जाऊन राज्यकर्त्यांना हसून येत असे आणि मग झोपत असे. पार, कार्सन, लेटरमन, ओब्रायन ह्यांच्या भांडणांत मत्सर होता, पैसा होता, हट्ट होता. तरीही ती भांडणे निरोगी होती, कारण कोणीतरी ह्या खुर्चीवर बसलेच पाहिजे हे प्रत्येक पक्षाला मान्य होते. वारसाहक्काचा तंटा हे घर नांदते असल्याचे लक्षण आहे. ज्या घराला कोणी वारस लावावयासच तयार नाही, त्याची काळजी शेजाऱ्यांनीही केली पाहिजे.