रोहित्रातील तेल आणि एक सोयीचे विशेषण

वनस्पती तेल भरलेल्या रोहित्रांविषयी (म्हणजे ट्रान्सफॉर्मरविषयी) वृत्तपत्रांत आणि विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यांवर जे वाचायला मिळते, ते बहुधा 'पर्यावरणस्नेही' या एका शब्दापाशी थांबते. शब्द खोटा नाही. सांडलेले सोयाबीन तेल मातीतले जिवाणू लवकर फस्त करतात, खनिज तेल रेंगाळते. पण 'मग पहिल्यापासून हेच तेल का वापरले नाही?' असे एखाद्या मुलीने विचारले, तर हा तक्ता गप्प बसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बियांची तेले वापरून पाहिली गेली होती. ती टिकली नाहीत. काचपट्टीवर जवसाच्या तेलाचा पातळ थर लावून आठपंधरा दिवस उघडा ठेवा, शेजारी शेंगदाणा तेलाचा ठेवा. जवसाचा थर चिकट होऊन त्यावर साय धरते. मेदाम्लांतील दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन घेतात. बंध जास्त, तितकी घाई. रस्त्याकडेच्या अनेक रोहित्रांना सिलिका जेलची छोटी डबी असते. तेल तापते, निवते, तशी टाकी त्या डबीतून श्वास घेते. वनस्पती तेलाला हा श्वास सोसत नाही. त्याची टाकी बंदच हवी.

खरा लाभ आगीच्या बाबतीत आहे. खनिज तेल साधारण १७० अंश सेल्सियसला पेटून जळत राहते. वनस्पती तेलाला सुमारे ३५० अंश लागतात. इमारतीच्या तळघरात रोहित्र बसवायचे तर हा फरक जिवाचा आहे. पूर्वी अशा जागी पीसीबी ही न पेटणारी द्रवे वापरत. ती विषारी ठरली आणि अमेरिकेने १९७९ मध्ये त्यांचे उत्पादन बंद केले.

दुसरा लाभ तक्त्यांवर जवळजवळ कधीच नसतो. तारांभोवती कागद गुंडाळलेला असतो आणि रोहित्राचे आयुष्य म्हणजे या कागदाचे आयुष्य. पाणी त्याचे सेल्युलोज तोडते. नेहमीच्या तापमानाला खनिज तेलाच्या दहा लाख भागांत पाण्याचे जेमतेम साठेक भाग विरघळतात, वनस्पती तेलात हजाराच्या आसपास. म्हणून ओलावा कागद सोडून तेलात उतरतो.

याची किंमतही आहे. ४० अंशांना हे तेल खनिज तेलाच्या तिपटीहून दाट असते. ते सावकाश फिरते, उष्णता सावकाश नेते. म्हणून त्याच्या वाटा रुंद ठेवाव्या लागतात.

आणि तेल कोणत्या पिकाचे? भारत आपल्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. त्यामुळे करंजासारख्या अखाद्य तेलांवर आपल्याकडे प्रयोग झाले आहेत. मात्र करंजाच्या तेलातही दुहेरी बंध आहेतच.