‘रामपुरा’ कोणाच्या ओसरीवरून?

बंगळूरला बदली होऊन आलेला मराठी अधिकारी कन्नड शिकण्याआधी एक निराळाच भूगोल शिकतो. कोणत्या तालुक्यात वक्कलिगांचे वजन आणि कोठे लिंगायतांचे, हे कचेरीतला जुना कारकून त्याला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतो. ह्या व्यवहारज्ञानाला ‘प्रबळ जात’ असे शास्त्रीय नाव दिले ते म्हैसूरच्या एम. एन. श्रीनिवास (१९१६–१९९९) यांनी. मुंबई विद्यापीठात ते आपल्या मालवणच्या गो. स. घुर्ये यांचे शिष्य होते. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी ह्याच शहरात घालविली.

त्यांचा ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ (१९७६) हा ग्रंथ कादंबरीसारखा वाचावा. १९४८ साली म्हैसूरजवळच्या ज्या खेड्यात ते राहिले, त्याला त्यांनी ‘रामपुरा’ म्हटले. १९७० साली स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत टिपणे जळाली आणि गाव आठवणीतून उभे करावे लागले. ते इतके जिवंत उतरले आहे, की टिपणे उरली असती तर ग्रंथ कोरडा झाला असता अशी शंका येते.

परंतु ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राउन यांच्याकडून त्यांनी जो दुर्खीम घेतला, त्याला समाज म्हणजे परस्परांस धरून राहिलेल्या अवयवांचे शरीर वाटतो. अशा शरीरात कोणता अवयव दबला आहे, हे विचारायचे राहून जाते. श्रीनिवासांच्या ‘संस्कृतीकरणा’त खालची जात वरच्या जातीचा आचार उचलते व पिढ्या-दोन पिढ्यांत पायरी चढते. पायरी बदलते, जिना तसाच राहतो, हे त्यांनीच पुढे मान्य केले.

येथे मराठी वाचकाला दुसरा एक निबंध आठवल्याखेरीज राहत नाही. श्रीनिवास जन्मले त्याच १९१६ साली डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. अनुकरण तेथेही आहे. पण ते दुर्खीमचा प्रतिस्पर्धी तार्द याच्याकडून घेतलेले, आणि त्याचे फळ उलटे. एका वर्गाने बेटीव्यवहाराचे दार लावून घेतले, इतरांनी त्याचे पाहून आपापली दारे लावली, आणि कित्येकांना ती बाहेरून लागलेली आढळली. श्रीनिवासांचे अनुकरण वर नेते, आंबेडकरांचे कोंडून घालते. आमच्या मते दुसरी उपपत्ती अधिक खोल आहे. शहरांतल्या विवाहविषयक जाहिराती वाचणाऱ्याला ती पटवून देण्याची गरज नाही.

वेबरचा अधिकारी रागलोभ बाहेर ठेवून नियमाने फाइल पाहतो. आपण सारेच स्वतःला तसे समजतो! मात्र ती फाइल टेबलावर येईपर्यंत कोणाच्या ओसरीवर थांबली, हे वेबरपेक्षा श्रीनिवासच चांगले सांगतात. स्वतः तेही पाटलाच्या बैलघरात उतरले होते, आणि आपल्याला गाव उच्चवर्णीयांच्या नजरेतून दिसले, अशी प्रांजळ कबुली त्यांनी दिली आहे. ती कबुली मोठी. पण तिने ग्रंथातली उणीव भरून निघत नाही.

ती भरायची तर कन्नडकडेच वळले पाहिजे. १९४८ सालीच नंजनगूड तालुक्यात जन्मलेल्या देवनूर महादेव यांच्या ‘कुसुमबाळे’ला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिची बोली खुद्द कन्नडिगांनाही अवघड जाते. तेव्हा कचेरीतल्या त्या कारकुनालाच शेजारी बसवून ती वाचावी.