‘मी’ नसलेली जन्मठेप : दूधनाथ तिवारीची जबानी

मराठी वाचकाच्या मनातील ‘काळे पाणी’ प्रामुख्याने एका आत्मकथनाने घडवले आहे. वि. दा. सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ १९२७ साली ग्रंथरूपाने आले आणि कोठडी, कोलू, काथ्याकूट व सेल्युलर जेलच्या भिंती हे अंदमानचे रूढ चित्र ठरून गेले. या चित्रात १८५७ चा शिपाईही मागाहून नेऊन बसवला जातो. वस्तुतः सेल्युलर जेल बांधून पूर्ण झाला तो १९०६ साली. १० मार्च १८५८ रोजी अंदमानात उतरवलेल्या पहिल्या दोनशे बंद्यांसमोर भिंती नव्हत्या. अरण्य होते, आणि त्या अरण्यात तेथील मूळ रहिवासी होते. कालविपर्यासाची ही चूक केवळ इतिहासाची नाही, वाङ्मयप्रकाराचीही आहे. ‘माझी’ या सर्वनामावर उभ्या असलेल्या कथनाचे निकष, ज्याला ‘मी’ म्हणण्याची संधीच मिळाली नाही अशा शिपायाला लावले जातात आणि तो मुका ठरतो.

दूधनाथ तिवारी हा असा शिपाई. तो बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या चौदाव्या पलटणीतला. ही पलटण जुलै १८५७ मध्ये झेलम येथे उठली. बंड आणि पलायन या आरोपांखाली त्याला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ६ एप्रिल १८५८ रोजी तो अंदमानात पोहोचला आणि २३ एप्रिलला, म्हणजे अवघ्या सतरा दिवसांत, इतर अनेक बंद्यांबरोबर रॉस बेटावरून पळाला. पळालेल्यांच्या टोळीवर अंदमानी आदिवासींनी हल्ला केला. सोबतचे बहुतेक मारले गेले. बाणांनी जखमी झालेल्या दूधनाथला मात्र पुढे त्याच लोकांनी आपल्यात घेतले, जखमांना माती लावली. डोके मुंडवून, वस्त्रे टाकून तो वर्षभर त्यांच्यात राहिला. लीपा आणि जिगा या दोन स्त्रियांशी त्याचे लग्न लावून देण्यात आले. मे १८५९ मध्ये वसाहतीवर मोठा हल्ला होणार हे कळताच तो परतला आणि त्याने अॅबरडीन येथे इशारा दिला. हल्ला परतवला गेला आणि ५ ऑक्टोबर १८६० रोजी त्याला माफी मिळाली.

हे सारे आज ज्ञात आहे ते त्याच्या जबानीमुळे. फ्रेडरिक मौअटच्या १८६३ च्या ग्रंथात आणि एम. व्ही. पोर्टमनच्या १८९९ च्या द्विखंडी इतिहासात ती इंग्रजीत आली आहे. दूधनाथ जे बोलला त्याचे मूळ शब्द त्यात नाहीत. आहे ते अधिकाऱ्याच्या वाक्यरचनेतून गाळून आलेले. सीतारामाच्या ‘शिपायापासून सुभेदारापर्यंत’च्या प्रवासाची कथाही १८७३ मध्ये नॉरगेटच्या इंग्रजी अनुवादातूनच अवतरली आणि तिच्या अस्सलपणाचा वाद अद्याप मिटलेला नाही. तरीही सीतारामाला कथानक आहे, बालपण आहे, बंडखोर मुलगा समोर उभा ठाकण्याचा प्रसंग आहे. दूधनाथला यातले काहीच नाही. तो कोणत्या गावचा, झेलमच्या छावणीत त्या सकाळी त्याने काय केले, यांविषयी कुणाला कुतूहल नव्हते. कुतूहल होते ते ‘रानटी’ म्हणून नोंदल्या गेलेल्या लोकांचे आहार, अलंकार, विवाह आणि अंत्यविधी यांचे. जबानीची रचना प्रश्नावलीची आहे आणि जीवन त्या प्रश्नांच्या फटींतून डोकावते.

या जबानीमागे वधस्तंभ उभा आहे, ही गोष्ट तिच्या वाचनात पुरेशी लक्षात घेतली जात नाही. अधीक्षक जे. पी. वॉकरने मे १८५८ मध्ये पलायनाच्या गुन्ह्याबद्दल ८६ बंद्यांना एकाच दिवशी फासावर चढवले होते. दूधनाथचा गुन्हा तोच आणि तो परतला तेव्हा अधीक्षकही तोच. म्हणजे अॅबरडीनचा इशारा आणि त्यानंतरचे तपशीलवार कथन ही दोन्ही जीव वाचवण्याची साधने होती. वसाहतवादी वाचनाने त्याला ‘उपयुक्त बंदी’ मानले, राष्ट्रीय वाचनाने आश्रयदात्यांशी केलेली फितुरी पाहिली. दोन्ही निवाडे घाईचे आहेत. हल्ल्याच्या तोंडी जाणारे सारे काही गोरे अंमलदार नव्हते; रान तोडणारे त्याचेच सहबंदी तेथे होते. आश्रयदात्यांची बाजू घेणे म्हणजे या सहबंद्यांना मरू देणे होते. या कोंडीतून निर्मळ सुटका देणारा पर्याय त्याच्यापुढे होता, असे दाखवणे कठीण आहे.

एप्रिल १८५९ मधील हल्ल्यांच्या नोंदीतला एक तपशील येथे मोलाचा वाटतो. अंदमानींनी पायांत बेड्या असलेल्या बंद्यांना बाजूला होण्यास सांगितले, त्यांना आपल्यासोबत नाचायला बोलावले. रोख होता तो बेड्या नसलेल्या, फेटा आणि बिल्ला मिरवणाऱ्या मुकादम-बंद्यांवर. बंद्यांमधूनच नेमलेला हा अंमलदारवर्ग पुढे ‘माझी जन्मठेप’मध्ये वॉर्डर आणि पेटी ऑफिसर म्हणून भेटतो आणि सावरकरांची लेखणी त्याला सोडत नाही. लिपी नसलेल्या अंदमानींनी हा भेद अर्धशतक आधी नुसत्या पोशाखावरून वाचला होता. दंडव्यवस्थेचे हे पहिले समीक्षण म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फारशी नाही.

मराठीत शिपायाचा आवाज अगदीच नाही असे नव्हे. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये (लेखन १८८३, प्रकाशन १९०७) महूजवळ भेटलेले शिपाई या भिक्षुकांना येऊ घातलेल्या उठावाची खबर देतात. ते बोलतात आणि निघून जातात. शिक्षेनंतरचा शिपाई भटजींच्या वाटेवर येण्याचा संभव नव्हता. सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथात शिपाई समराचा नायक आहे, समर संपल्यावर त्याचे काय झाले हा त्या ग्रंथाचा विषय नाही. एकीकडे उठावापूर्वीची कुजबुज, दुसरीकडे रणांगण. या दोहोंनंतरची वीस-तीस वर्षे मराठी गद्यात रिकामी आहेत. सतद्रू सेन आणि क्लेअर अँडरसन यांच्या अभ्यासांनी दंडवसाहतीचे दफ्तर उलगडले आहे. मात्र इतिहासकार दफ्तरातून व्यवस्था शोधतो. तौलनिक साहित्याभ्यासकाला त्याच कागदात निवेदक शोधावा लागेल, आणि तो प्रश्नकर्त्याच्या आड उभा असेल.

दूधनाथच्या बाबतीत हा निवेदक एका जागी स्पष्ट दिसतो. विवाहविधीचा प्रश्न होता, म्हणून लीपा आणि जिगा यांची नावे आणि अदमासे वये, वीस आणि सोळा, कागदावर राहिली. विधीच्या वर्णनाला नावांची गरज नव्हती. तो निघाला तेव्हा लीपा गरोदर होती, हेही नोंदवले गेले आहे.